एक खोली, एक रात्र, एक मुलाखत



इथले डच सिनेमे बघायचे तर सुरुवात कुठून करावी, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारत असता. आज त्यातला एक घेऊया. नाव लक्षात ठेवायला सोपं आहे: 'इंटरव्ह्यू'. साल 2003, दिग्दर्शक तेओ व्हॅन गॉग. इथली माणसं हे आडनाव घशातून खरवडून 'फान खोख' असं म्हणतात. आपण आपल्या सवयीचं व्हॅन गॉगच म्हणू. आणि हो, घराणं तेच. चित्रकार व्हिन्सेंटचा धाकटा भाऊ तेओ, त्याचा हा पणतू.

या सिनेमात माणसं दोन. एक पत्रकार, एक नटी. जागा म्हणाल तर मुख्यतः तिचं घर. वेळ एका रात्रीची. गाणं नाही, मारामारी नाही, तिसरं पात्र जवळजवळ नाहीच. आणि तरी दीड तासापेक्षा थोड्या कमी वेळात माणूस खुर्चीच्या कडेवर येऊन बसतो. हे कसं होतं, ते आज सांगायचा प्रयत्न करते. आधीच एक सूचना: घरात लहान मुलं असतील तर हा सिनेमा ती झोपल्यावर लावा. शिव्या आहेत, दारू आहे, कोकेन आहे, आणि मोठ्यांनाही अवघडल्यासारखं व्हावं असं बरंच काही आहे.

आधी गोष्ट.

पिअर नावाचा पत्रकार आहे. राजकारणावर लिहिणारा, युद्धाच्या बातम्या करून आलेला, स्वतःला वजनदार समजणारा. नेमकं सरकार पडायच्या बेतात असलेल्या दिवशी त्याचा संपादक त्याला पाठवतो कुठे, तर टीव्ही मालिकेतल्या एका लोकप्रिय नटीची मुलाखत घ्यायला. तिचं नाव कात्या. पिअरला हा सरळसरळ अपमान वाटतो. तो तयारी करून जात नाही. तिचं कामसुद्धा त्यानं पाहिलेलं नाही, आणि ते लपवायचीही तसदी तो घेत नाही. ती उशिरा येते. दोघांचं पाच मिनिटांत बिनसतं, मुलाखत मोडते, तो उठून चालू लागतो. पुढे टॅक्सीला छोटासा अपघात होतो, कारण ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर नसतं, रस्त्यानं चाललेल्या कात्याकडे असतं. पिअरच्या डोक्याला लागतं. मग तीच त्याला आपल्या घरी घेऊन जाते. जखम पुसते, ग्लास भरते, आणि मोडलेली मुलाखत पुन्हा सुरू होते. पण आता मुलाखत कोण कोणाची घेतंय, ते सांगणं कठीण होत जातं.

या गोष्टीचा गाभा मूळ डच सिनेमाचा. पुढे 2007 साली अमेरिकन नट स्टीव्ह बुशेमीनं तो इंग्रजीत पुन्हा केला. पत्रकार तो स्वतः आणि नटी सिएना मिलर. ॲमस्टरडॅमच्या जागी न्यूयॉर्क, इथल्या सरकाराच्या जागी वॉशिंग्टनमधलं प्रकरण. डच अजून कानाला बसलं नसेल तर इंग्रजीपासून सुरुवात करायला हरकत नाही. मी पुढे जे बारकावे सांगणार आहे ते बहुतेक इंग्रजी आवृत्तीतले आहेत.

आता डच सिनेमातली एक गंमत, जी बाहेरच्या प्रेक्षकाला कळत नाही. नटीचं काम केलंय कात्या स्ख्यूरमननं. म्हणजे पात्राचं नाव कात्या आणि नटीचंही कात्याच. ही कात्या खरोखरीच मालिकेतून नावारूपाला आलेली. ती मालिका म्हणजे 'खूडे टेडन, स्लेख्टे टेडन', अर्थात 'चांगले दिवस, वाईट दिवस'. 1990 पासून रोज संध्याकाळी चालू असलेली. तुमचे शेजारी ती बघत असतील आणि बघत नाही असं सांगत असतील. समोर पत्रकार पिअर म्हणजे पिअर बोक्मा, रंगभूमीवरचा इथला मोठा मानाचा नट. त्याचंही पात्रातलं नाव तेच ठेवलेलं. पडद्यावर भांडण आहे पत्रकार आणि मालिकेतली पोरगी यांचं. पण डच प्रेक्षक बघत होता गंभीर नाटकवाला आणि टीव्हीवरची सुंदर बाई यांचा सामना. हिला खरंच अभिनय येतो का, हा प्रश्न पिअरच्या मनात आहे आणि प्रेक्षकाच्याही. सिनेमा त्या प्रश्नावरच उभा आहे.

आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. रोजची मालिका करणाऱ्या नटीबद्दल आपल्या घरांमध्ये काय सुरात बोललं जातं ते आठवा. "ती काय, नुसती साड्या नेसून उभी असते." तीच बाई रोज बारा-तेरा तास सेटवर उभी राहून, सकाळी हातात आलेले संवाद दुपारपर्यंत पाठ करून, न चुकता रडून दाखवते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पिअरही तेच विसरतो. त्याला वाटतं, खोटं बोलणं हा या बाईचा धंदा आहे आणि खरं शोधणं हा माझा. तेव्हा ही माझ्यापुढे काय टिकणार!

इथे थांबून एक विनंती. यापुढे मी शेवट सांगणार आहे. तो न सांगता या सिनेमाबद्दल कामाचं काही बोलता येत नाही. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी आवाज बंद करा, किंवा वाचत असाल तर पान इथेच मिटा; आम्ही कुठे पळून जात नाही.

तर. घरात आल्यावर दोघांमध्ये जो व्यवहार सुरू होतो, तो खरं तर बाजारातल्यासारखा आहे. मी एक गुपित सांगतो, तू एक सांग. पिअर आपल्या आयुष्यातली दुःखं काढतो, मेलेल्या मुलीबद्दल बोलतो. कात्या कधी हसते, कधी हळवी होते, कधी त्याला अंगचटीला येऊ देते आणि पुढच्याच क्षणी दूर ढकलते. मध्येच तिचा फोन वाजतो, ती बोलायला बाजूला जाते, आणि तेवढ्यात पिअर तिच्या कॉम्प्युटरवर हात मारतो. तिथे त्याला डायरीसारखं काहीतरी सापडतं. तो वाचतो. त्यातून त्याला कळतं की या बाईला गंभीर आजार आहे, आणि तो तिनं जगापासून लपवलेला आहे.

ही जागा मला सगळ्या सिनेमातली सर्वांत हुशारीची वाटते. तोपर्यंत आपण दोघांच्याही प्रत्येक वाक्यावर संशय घेत असतो. ही आता खरं बोलतेय का? हा मुलीबद्दल सांगतोय ते खरं, की तिला मऊ करण्यासाठी रचलेलं? पण ती डायरी दिसली आणि आपला संशय एकदम गळून पडला. का? कारण ती तिनं दिलेली नाही. ती त्यानं चोरून वाचलेली आहे. आणि चोरून मिळालेली गोष्ट आपल्याला आपोआप खरी वाटते. कोणी समोर बसून सांगितलं तर आपण शंभर शंका काढतो. तेच दाराआडून ऐकलं, दुसऱ्याच्या फोनवर नकळत वाचलं, की शंका संपली. पिअर ती डायरी पारखत नाही, कोणाची, कशासाठी लिहिलेली, काही नाही. एवढा मुरलेला पत्रकार, एखाद्या मंत्र्यानं कागद हातात ठेवला असता तर तीन ठिकाणी विचारून खात्री केली असती. इथे केली नाही. आणि आपणही, प्रेक्षक म्हणून, त्याच्या खांद्यावरून वाकून वाचत होतो. आपणही केली नाही.

मग दोघांचा करार होतो. घरातला छोटा व्हिडिओ कॅमेरा लावायचा आणि आपापलं सर्वांत मोठं गुपित त्याच्यासमोर सांगायचं. कात्या आजाराबद्दल सांगते. पिअरला ते आधीच माहीत असतं, म्हणून ते त्याला पटतं. त्याच्या चोरीवर तिनं जणू शिक्का मारून दिला. बदल्यात तोही सांगतो, बायकोच्या मृत्यूबद्दल, आणि त्या मृत्यूला तो स्वतः कसा जबाबदार आहे त्याबद्दल. त्याच्या हिशेबानं हा स्वस्तातला सौदा आहे, कारण टेप घेऊन निघून जायचं त्यानं ठरवलेलंच आहे. तो ती उचलतो, खाली उतरतो, मोठी बातमी हातात घेऊन. आणि तेव्हा त्याला फोनवर कळतं की ती डायरी तिची नव्हतीच. ती करत असलेल्या एका भूमिकेचा तो मजकूर होता. टेपही चुकीची नेली. त्याचा कबुलीजबाब वर, तिच्याकडे.

यात तिनं सापळा किती आधीपासून लावला आणि किती ऐन वेळी सुचत गेला, हे सिनेमा स्पष्ट करत नाही. मला वाटतं, बराचसा ऐन वेळचा आहे. चांगला नट तेच करतो. समोरच्यानं काय दिलं ते ऐकतो आणि त्यावरून पुढचं रचतो. त्या खोलीत नीट ऐकणारी व्यक्ती एकच होती, आणि ती पत्रकार नव्हती.

आता हे उभं कसं केलं, त्याबद्दल थोडं. दोन माणसं बोलतायत असं दृश्य एरवी चित्रित करतात ते तुकड्यातुकड्यानं. आधी एकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा लावून त्याची सगळी वाक्यं घ्यायची, मग प्रकाशयोजना बदलून दुसऱ्याची. व्हॅन गॉगची पद्धत वेगळी होती. तीन डिजिटल कॅमेरे एकाच वेळी चालू: एक कायम तिच्यावर, एक कायम त्याच्यावर, तिसरा दोघांना एकत्र धरणारा. दृश्य लांबलचक चालू द्यायचं, नटांना थांबवायचं नाही. म्हणजे होतं काय, की एक जण बोलत असताना दुसऱ्याचा चेहराही पूर्ण वेळ टिपला जातो. खोटी प्रतिक्रिया नंतर करून घ्यायची सोय नाही. ती बोलते तेव्हा तो ऐकतोय की पुढचा प्रश्न मनात जुळवतोय, हे दिसतंच. नाटकातला सलगपणा आणि सिनेमातली जवळीक, दोन्ही एकदम. बुशेमीनं इंग्रजी सिनेमा केला तेव्हा हीच तीन कॅमेऱ्यांची पद्धत ठेवली, एवढंच नव्हे, तर कॅमेऱ्यामागे थॉमस किस्ट हा व्हॅन गॉगचाच माणूस घेतला.

दोन पात्रांचा खेळ व्हॅन गॉगच्या हातात मुरलेला होता. 1994 साली त्यानं टेलिफोनवरून जवळ येणाऱ्या दोन अनोळखी माणसांवर '06' हा सिनेमा केला, 1996 साली 'ब्लाइंड डेट' केला. 'इंटरव्ह्यू'ची पटकथा तेओडोर होल्मनची. आणि मुलाखत हा तर त्याचा स्वतःचा धंदाच होता. ॲमस्टरडॅमच्या ए-टी-फाइव्ह वाहिनीवर तो 'एक छान गप्पा' अशा अर्थाच्या नावाचा मुलाखतींचा कार्यक्रम करायचा. गप्पा छान असतीलच अशी हमी नसायची. माणूस फटकळ, मुद्दाम दुखावणारा. त्याच्या स्तंभांतून त्यानं ज्यूंना, मुसलमानांना, सहकाऱ्यांना, कोणालाच सोडलं नाही, आणि त्यातलं काही वाचताना आजही अंगावर काटा येतो. अशा माणसानं मुलाखत घेणाऱ्याला एवढं उघडं पाडणारा सिनेमा करावा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रश्न विचारणारी खुर्ची आतून कशी असते, ते त्याला माहीत होतं.

पुढचं तुमच्यापैकी जुन्या मंडळींना आठवत असेल. 2 नोव्हेंबर 2004 ची सकाळ. पूर्व ॲमस्टरडॅममधल्या लिनेउसस्ट्राटवरून सायकलनं कामाला जात असताना व्हॅन गॉगचा खून झाला. वय 47. आयान हिर्सी अली यांनी लिहिलेला 'सबमिशन' हा त्याचा लघुपट दोन महिने आधी टीव्हीवर दाखवला गेला होता, आणि त्या रागातून एका धर्मांध तरुणानं हे केलं. त्या वेळी इथे राहत असलेल्यांनी देश एका दिवसात कसा बदलला ते पाहिलंय. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या सगळ्यांकडेच काही काळ वेगळ्या नजरेनं पाहिलं जाऊ लागलं होतं. जवळच्या ओस्टरपार्कमध्ये आता येरून हेनेमन यांचं 'किंकाळी' नावाचं पोलादी शिल्प आहे, 2007 साली उभारलेलं. उन्हाळ्यात तिथे जाल तेव्हा पाहा.

आपल्या तीन दोन-पात्री सिनेमांच्या इंग्रजी आवृत्त्या अमेरिकेत करायच्या, ही व्हॅन गॉगची इच्छा होती. ती अपुरी राहिली म्हणून त्याच्या निर्मात्यांनी ते काम अमेरिकन नट-दिग्दर्शकांकडे सोपवलं. 'इंटरव्ह्यू' बुशेमीकडे आला, 'ब्लाइंड डेट' स्टॅन्ली टूचीनं केला, आणि '06' वरून पुढे जॉन टर्टुरोला घेऊन तिसरा सिनेमा झाला. तिन्हींत 'इंटरव्ह्यू' सर्वांत जास्त जमला असं माझं मत. बुशेमीनं पिअरला थोडा केविलवाणा केलाय, त्यामुळे सुरुवातीला आपल्याला त्याची दया येते आणि तीच आपल्याला फसवते.

सिएना मिलरबद्दल मात्र थांबून सांगायला हवं.

ती या सिनेमात होती त्याच सुमाराच्या वर्षांत ब्रिटिश टॅब्लॉइड वर्तमानपत्रं तिच्या मागे हात धुऊन लागली होती. तिच्या खासगी गोष्टी एकामागून एक छापून येत. इतक्या आतल्या, की त्या फक्त दोन-चार जवळच्या माणसांनाच ठाऊक असायच्या. तिनं साहजिकच त्या माणसांवर संशय घेतला. घरच्यांवर, मित्रमैत्रिणींवर. त्यांच्यावर तिनं आरोपसुद्धा केले. नंतर उघड झालं की कोणीच काही विकलेलं नव्हतं; 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' या वर्तमानपत्रासाठी तिचे फोनवरचे निरोप चोरून ऐकले जात होते. 2011 साली त्या वर्तमानपत्रानं ते कबूल करून तिला एक लाख पौंड भरपाई दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लेव्हसन चौकशी आयोगापुढे तिनं साक्ष दिली. रात्री अंधाऱ्या रस्त्यावरून दहा पुरुष आपल्यामागे धावायचे, आणि केवळ त्यांच्या हातात कॅमेरे होते म्हणून ते कायद्यात बसायचं, असं तिनं तिथे सांगितलं.

आता हे डोक्यात ठेवून सिनेमातलं ते दृश्य पुन्हा आठवा. एक पत्रकार तिच्या नकळत तिचा कॉम्प्युटर उघडून वाचतोय. सिनेमात चोरलेली गोष्ट खोटी निघते आणि चोर फसतो. प्रत्यक्षात चोरलेलं खरं होतं, आणि किंमत तिनं मोजली, आपल्याच माणसांवरचा विश्वास गमावून. भरपाईच्या आकड्यात ती बसत नाही. वाचणाऱ्यांनी ते सगळं चहाबरोबर वाचलं होतं, हेही खरंच.

मराठी प्रेक्षकाला इथे विजय तेंडुलकरांचं 'कमला' आठवल्याशिवाय राहणार नाही. 1981 सालचं नाटक. दिल्लीतला धडाडीचा पत्रकार जयसिंग जाधव बायकांच्या बाजारातून अडीचशे रुपयांना कमलाला विकत आणतो, कशासाठी, तर पत्रकार परिषदेत उभी करून हा बाजार चालतो हे सिद्ध करण्यासाठी. इंडियन एक्स्प्रेसच्या अश्विनी सरीन यांनी त्याच वर्षी खरोखर एक बाई विकत घेऊन बातमी केली होती, त्यावरून तेंडुलकरांना हे सुचलं. जयसिंगचा हेतू वाईट नाही. पिअरपेक्षा तो कितीतरी बरा. पण कमलाला काय वाटेल, हा प्रश्न त्याला पडतच नाही. ती त्याच्यासाठी पुरावा आहे. आणि ती अडाणी कमला जयसिंगच्या बायकोला, सरिताला, सहज विचारते की तुला केवढ्याला आणलं. सगळं नाटक तिथे उलटं होतं. कमलाकडे कात्यासारखं कसब नाही, कॅमेरा नाही, वरच्या मजल्यावरचं घर नाही. तिच्याकडे फक्त तो एक प्रश्न आहे. तरी दोन्हीकडे घडतं ते सारखंच: ज्या बाईला पत्रकारानं आपल्या बातमीचा माल समजलं, तिच्याकडूनच खोलीतला सर्वांत अचूक प्रश्न येतो.

'इंटरव्ह्यू' हिंदुस्थानातही पोचला आहे. 'द इंटरव्ह्यू: नाइट ऑफ 26/11' या नावानं 2021 साली त्याची मुंबईतली आवृत्ती आली, लॉरेन्स पोस्टमा यांनी दिग्दर्शित केलेली. तिथेही युद्धाच्या बातम्या केलेला पत्रकार आणि सिनेमातली नटी, आणि रात्र निवडली आहे 26 नोव्हेंबर 2008 ची. या निवडीबद्दल माझी दोन मतं आहेत. एकीकडे कल्पना अगदी चपखल. डच सिनेमात सरकार पडत असतं. ते पडलं तर पिअरची एक बातमी हुकते, फार तर. मुंबईत त्या रात्री बाहेर माणसं मरत होती. तिथे खोलीत अडकलेल्या पत्रकाराची तगमग वेगळ्याच पातळीवर जाते. शिवाय त्या तीन दिवसांत टीव्हीवाल्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, त्यावर पुढे 2012 साली सर्वोच्च न्यायालयानं कसाबच्या खटल्याच्या निकालात कडक ताशेरे मारले. म्हणजे बातमीच्या भुकेचा प्रश्न त्या रात्रीला चिकटलेलाच आहे. दुसरीकडे मला वाटतं, ज्यांची माणसं त्या हल्ल्यात गेली, ज्यांनी इथे परदेशात रात्रभर फोन लावत बसून ती रात्र काढली, त्यांना ती तारीख दोघांच्या शब्दखेळामागचा पडदा म्हणून कशी चालेल? तुम्ही बघितलात तर कळवा.

सिनेमाच्या काही गोष्टी मला खटकतातही. दोन पात्रांच्या कुठल्याही खेळाची जुनी अडचण असते: यांना खोलीत धरून ठेवायचं कसं? इतका अपमान झाल्यावर माणूस उठून का जात नाही? डोक्याला लागलंय, ग्लास भरलेला आहे, बाहेर उशीर झालाय, ही कारणं अर्धा तास पुरतात. नंतर ओढाताण जाणवते. दुसरं, आजाराचा असा डावासारखा वापर. ज्यांच्या घरात कर्करोग येऊन गेलाय त्यांना ते दृश्य जड जाईल, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. तिसरं, शेवटची कलाटणी जरा जास्तच नीटनेटकी आहे. कुलपात किल्ली बसावी तशी बसते. खरं आयुष्य एवढं बरोबर बसत नाही, आणि आधीचा तासभर जो खरखरीतपणा होता तो शेवटच्या पाच मिनिटांत गुळगुळीत होतो. काही समीक्षकांना वयातल्या फरकाचं आणि जवळिकीचं जे दाखवलंय तेही रुचलं नाही. मला ते अवघड वाटलं, पण खोटं नाही वाटलं. पिअरसारखी माणसं तुच्छ लेखत असलेल्या बाईकडे ओढलीही जातात.

एक गोष्ट घरगुती. आपल्यापैकी अनेक जण हल्ली सुट्टीत गावी गेल्यावर आजी-आजोबांची बोलणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवतात. फार चांगली गोष्ट. पण कित्येकदा ते त्यांच्या नकळत केलेलं असतं, "सांगितलं की ती मोकळी बोलत नाही" म्हणून. मग तो तुकडा कुटुंबाच्या ग्रुपवर जातो, आणि आजीनं चुलत जावेबद्दल चाळीस वर्षांपूर्वीचं जे बोलून ठेवलं ते तिच्या नातवंडांपर्यंत पोचतं. या कार्यक्रमासाठी मुलाखत घेताना मी आधी विचारून घेते की कशाबद्दल बोलायचं नाही. मोकळेपणा थोडा कमी होतो, नाही असं नाही. काही वेळा मात्र उलट होतं: जे बोलायचं नाही म्हणून सांगितलेलं असतं, तेच पाहुणा शेवटी आपणहून काढतो, आणि तेव्हा ते कोणत्या शब्दांत सांगायचं हे त्याचं त्यानं ठरवलेलं असतं.

बघायला बसाल तेव्हा शक्य झालं तर दोन्ही आवृत्त्या बघा, आधी इंग्रजी, मग डच. शेवट माहीत झाल्यानं दुसऱ्यांदा मजा जाईल अशी भीती नको. दुसऱ्यांदा पिअरकडे बघूच नका. तो बोलत असताना फक्त तिच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा, विशेषतः फोनवर बोलून ती परत येते आणि तो कॉम्प्युटरपासून घाईनं बाजूला झालेला असतो, त्या क्षणी. तिला कळलंय की नाही, यावरून आमच्याकडे नवरा-बायकोत अजून एकमत झालेलं नाही.